वाटीची कृती ग्रॅममध्ये नेली की पदार्थ बिघडतो: चूक कुठे शोधायची

घरची कृती वाटी-चमच्यात असते. फराळाची ऑर्डर आली, बचत गटाचं काम सुरू झालं किंवा वर्षाची चटणी करायची ठरली, की तीच कृती किलो-ग्रॅममध्ये मांडावी लागते आणि तिथून पदार्थ बिघडायला लागतो. दिवाळीच्या तोंडावर कोल्हापुरातल्या घरगुती फराळवाल्यांकडून हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते. बहुतेक वेळा कृती बरोबर असते, करणारीचा हातही बरोबर असतो. चूक होते ती मापाचं वजन करताना. खालच्या तपासण्या सोप्या आणि फुकटातल्यांपासून सुरू होतात, म्हणून क्रम मोडू नका. निम्म्याहून जास्त तक्रारी पहिल्या तीनमध्येच मिटतात.

लक्षणं

• घरी चार वाट्यांची चकली खुसखुशीत होते. पाच किलोची करायला घेतली की तेलात हसते (सुटून विखुरते), नाहीतर दगडासारखी कडक होते.
• दोघीजणी एकाच कागदावरून रव्याचे लाडू करतात. एकीचे वळले जातात, दुसरीचे भुगा होतात.
• उन्हाळ्यात बसवलेलं पिठाचं प्रमाण जुलै-ऑगस्टमध्ये सैल पडतं.
• नेटवरचा कप-ग्रॅमचा तक्ता वापरून केलेला केक कोरडा होतो, वरून तडकतो.
• चटणीत धणे वरचढ लागतात. मीठ एका वर्षी खारट, दुसऱ्या वर्षी कमी.
• तेलाचा डबा हिशोबापेक्षा आधी संपतो.

१. सगळे जिन्नस एकाच मापात आहेत का?

कृती हातात घ्या आणि प्रत्येक ओळीपुढचं माप वाचा. सगळं वाटीतच असेल तर वाटी केवढी आहे याने काही बिघडत नाही. ते प्रमाण आहे, आकडा नाही. वाटीचा आकार महत्त्वाचा ठरतो तो कृतीत नगावर किंवा पाकिटावर मोजायची वस्तू आली की: तीन अंडी, एक डबा कंडेन्स्ड मिल्क, एक चमचा सोडा. मग वाटी लहान घेतली की अंडी जास्त होतात, मोठी घेतली की सोडा कमी पडतो.

पण सगळं वाटीत असलेली कृतीही ग्रॅममध्ये नेताना एका ठिकाणी हमखास मोडते. ‘एक वाटी म्हणजे २०० ग्रॅम’ असं धरून सगळ्यांना तोच आकडा लावला जातो. भाजणीचं बघा: तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, धणे अर्धी. वाटी २४० मिलिलिटरची असेल तर तांदूळ आणि डाळी वाटीला १९०–२०० ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे तिथे फारसं चुकत नाही. धणे मात्र पोकळ आणि हलके. अर्धी वाटी धणे ४० ग्रॅमच्या आसपास भरतात आणि २०० च्या हिशोबाने तुम्ही १०० घालता. भाजणीचा रंग, वास, चव सगळं त्या एका ओळीत बदलतं. पोह्यांचीही हीच गत, त्यातही पातळ पोहे जाड पोह्यांपेक्षा कितीतरी हलके.

प्रत्येक जिन्नसाला त्याचा स्वतःचा आकडा लागतो. एवढं पक्कं केलं तरी अर्धा गोंधळ संपतो.

२. कृतीतले शब्द

वाटी सपाट की शिगोशीग? जुन्या कृती सांगणाऱ्या बायका धान्य बहुधा शिगेनं मोजतात आणि तूप-तेल काठोकाठ. ते सांगताना त्या वेगळं बोलत नाहीत, कारण त्यांना ते गृहीतच असतं. पसरट वाटीत शिगेमुळे सहज पाव वाटीहून जास्त माल वाढतो. ज्यांच्याकडून कृती घेतली त्यांना शक्य असेल तर एकदा त्यांच्याच वाटीने भरून दाखवायला सांगा.

दुसरं, क्रम. ‘एक वाटी चिरलेला कांदा’ आणि ‘एक वाटी कांदा तळून’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कच्च्या कांद्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि तळताना त्यातलं बहुतेक उडून जातं. म्हणून वजन लिहिताना अवस्थाही लिहा: सोललेला कच्चा, तळलेला, भाजण्याआधी, भाजल्यावर. मिरचीचं वजन देठासकट की देठ काढून, उन्हात घालण्याआधी की नंतर, हेही त्याच ओळीत यायला हवं.

तिसरं, खोबरं. चटणीच्या कृतीत ‘चार वाट्या खोबरं’ म्हणजे बहुतेक वेळा सुक्या नारळाचे चार अर्धे भाग, किसाच्या चार वाट्या नव्हेत. हे चुकलं तर चटणीला तेल सुटण्यापासून ती खवट होण्यापर्यंत सगळं बदलतं. खोबऱ्याच्या वाट्या लहानमोठ्या असतात, त्यामुळे नग मोजून चालत नाही. काट्यावर ठेवून वजनच लिहा.

चौथं, भाजणीतलं मोहन (पिठात घालायचं गरम तेल) धान्याच्या वाटीला सांगितलंय की पिठाच्या? एक वाटी तांदूळ दळले की पीठ दीड वाटीच्या आसपास होतं. वजन तेवढंच राहतं, गिरणीत राहील ती थोडी घट सोडली तर. पिठाच्या वाटीमागे सांगितलेलं मोहन धान्याच्या वाटीमागे घातलं तर चकली कडक होते, आणि उलट झालं तर हसते.

३. वाटी पाण्याने मोजा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. काटा सपाट कडाप्प्यावर ठेवा. कोरडी वाटी ठेवून टेअरचं बटण दाबा, आकडा शून्य होऊ द्या. वाटी काठापर्यंत साध्या पाण्याने भरा, पण पाणी काठावर फुगू देऊ नका. जेवढे ग्रॅम दिसतील तेवढी मिलिलिटर वाटीची क्षमता. स्वयंपाकाला एवढी अचूकता पुरते.

आता का ते. घरातल्या ‘वाट्या’ साधारण १०० पासून २०० मिलिलिटरपर्यंत काहीही असतात. एकाच कंपनीच्या, एकाच संचातल्या आमटीच्या आणि भाजीच्या वाट्याही सारख्या नसतात. कपाचंही तेच. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, तिथल्या पाकिटांवरच्या पोषणाच्या माहितीत तोच २४० धरतात. ऑस्ट्रेलियात कप २५० चा, जपानी कृतींत २००. राईस कुकरबरोबर येणारं माप बहुतेकदा १८० चं असतं आणि त्याला कप समजून केकची कृती केली की एकचतुर्थांश माल कमी पडतो. चहाचा मापी चमचा ५ मिलिलिटर, मोठा चमचा १५. ऑस्ट्रेलियन कृतीत मात्र मोठा चमचा २० चा. घरातला पोह्यांचा चमचा यातल्या कशातच बसेल असं नाही. दहा चमचे पाणी एका भांड्यात घालून वजन करा आणि दहाने भागा.

वाटीच्या बुडाला पक्क्या मार्करने आकडा लिहून ठेवा. गटात काम चालतं तिथे एकच वाटी ‘मापाची’ म्हणून बाजूला काढा. ती आमटी वाढायला वापरू नका.

४. काटा खरं बोलतो का?

वाण्याकडून शिक्का असलेलं एक किलोचं आणि २०० ग्रॅमचं वजन पाच मिनिटांसाठी मागून घ्या. काट्याच्या मध्यभागी ठेवा, मग चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. आकडा दर वेळी वेगळा येत असेल तर काट्याचा पाय डुगडुगतोय किंवा आतला सेन्सर गेलाय. बॅटरी उतरली की आकडे उड्या मारतात. पंख्याखाली हलक्या वस्तूचं वजन स्थिर राहत नाही. पिठाचं पाकीट ठेवून काटा तपासू नका, कारण छापलेलं वजन आतल्या मालाचं असतं आणि पाकिटाचं वजन वेगळं.

एक बारीक खोड पुष्कळ जणींच्या लक्षात येत नाही. एक-एक ग्रॅमने वाढणारे बरेच काटे शून्याजवळची अगदी हळू वाढ मोजतच नाहीत. चिमूट-चिमूट सोडा टाकत राहिलात तर काटा शून्यावरच बसतो आणि शेवटी तीन ग्रॅमऐवजी पाच पडलेले असतात. सोडा, यीस्ट, वेलची, जायफळ यांच्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा लहान काटा वेगळा ठेवा. तो नसेल तर या वस्तू सपाट मापी चमच्यानेच घ्या, हे जास्त विश्वासाचं. सपाट चहाचा चमचा खायचा सोडा साधारण साडेचार ग्रॅम भरतो, बारीक मीठ सहा ग्रॅम.

५. भरण्याची रीत: इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

पाणी, तेल, दूध कसंही ओतलं तरी तेवढंच बसतं. पिठाचं तसं नाही. डब्यात वाटी बुडवून काढली की पीठ दाबलं जातं. चमच्याने हलकं भरून सुरीने सपाट केलं की मध्ये हवा राहते. २४० मिलिलिटरच्या मापात मैदा हलका भरला तर १२०–१२५ ग्रॅम, बुडवून काढला तर १४५–१५०. म्हणजे पाण्याचं प्रमाण तेच ठेवून तुम्ही पीठ वीस टक्क्यांनी वाढवता. केक कोरडा होण्याचं आणि वरून तडकण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, ओव्हन नव्हे.

गिरणीतून नुकतं आलेलं गरम पीठ फुललेलं असतं. तेच डब्यात आठ दिवस बसलं की खाली दबतं. त्यामुळे कालची वाटी आणि आजची वाटी वजनाने वेगळी. चाळलेलं बेसन आणि डब्यातलं बेसन यांतही मोठा फरक पडतो.

म्हणून दुसऱ्याचा तक्ता जसाच्या तसा उचलू नका. आपल्या रीतीने, आपल्या वाटीने तीनदा भरा, तिन्ही वेळा वजन करा आणि सरासरी घ्या. तीन वजनांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर हात स्थिर नाही, आधी रीत ठरवा. ज्या माणसाच्या हातची कृती आहे त्याच्याच हाताने भरलेली वाटी तोलली तर उत्तम, कारण कृतीचा खरा आकडा त्या हातात आहे.

पडताळून बघायला हे आकडे जवळ ठेवा. १०० मिलिलिटर मापात सपाट भरल्यावर अंदाजे किती ग्रॅम:

पाणी १००, दूध १०३, तेल आणि पातळ तूप ९१, मध १४२.
साखर ८५, बारीक मीठ १२०.
मैदा हलका भरलेला ५०–५३, बुडवून काढलेला ६०–६३. कणीक ५०–५५. चाळलेलं बेसन ४० च्या आसपास. रवा ७०.
तांदूळ ७८–८२. शेंगदाणे ६२. तीळ ६०. खसखस ६०. जिरे ४०. धणे ३३.

हिशोब असा: वाटी १५० मिलिलिटरची असेल तर एक वाटी रवा म्हणजे ७० × १.५, म्हणजे १०५ ग्रॅम. तीच वाटी साखर म्हणजे १२७ ग्रॅम. रवा-साखर समसमान वाट्या असलेल्या लाडवात कोणी ‘दोन्ही एकेक किलो’ घेतले तर साखर एका फटक्यात सतरा-अठरा टक्क्यांनी कमी झाली. लाडू भुगा होण्याचं कारण बहुधा इथेच सापडतं. तुमचा आकडा या यादीपासून थोडा इकडे-तिकडे असला तर तुमचाच धरा. दीडपट किंवा निम्मा असला तर पुन्हा मोजा.

तेलाचं झटपट सांगून टाकतो. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा दुकानात शेजारी शेजारी असतात. १५ लिटर तेल म्हणजे साधारण १३ किलो ६५० ग्रॅम, आणि १५ किलो म्हणजे साडेसोळा लिटरच्या आसपास. भाव विचारताना आणि मोहनाचा हिशोब करताना डब्यावरचं निव्वळ वजन वाचा. पिशव्यांचंही तसंच. सगळ्याच पिशव्या एक लिटरच्या नसतात.

६. गूळ, मीठ, ओलावा

इथून पुढे नुसता काटा पुरत नाही.

गुळाला वाटीचं माप लावूच नका. कोल्हापुरी गुळाची ढेप चिरली, किसली, ठेचली की दर वेळी वाटीत वेगळा माल बसतो. २४० मिलिलिटरमध्ये सैल चिरलेला गूळ १४०–१५० ग्रॅम, दाबून भरलेला २०० च्या वर. चिक्की, तिळाच्या वड्या, पाकातले लाडू यांत एवढी चूक खपत नाही. कृतीत ‘एक वाटी गूळ’ असेल तर सांगणारीला विचारून किंवा एकदा लहान घाणा (एका वेळी करायचा माल) करून वजन ठरवा आणि वाटी हा शब्द खोडून टाका. काकवी वापरत असाल तर ती गुळाइतक्याच वजनाने घालू नका. तिच्यात पाणी जास्त असतं, पाक लांबतो.

मिठाचा घोळ चटणीत जास्त. बारीक मिठाची वाटी आणि खडे मिठाची वाटी सारखी भरत नाही, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. मागच्या वर्षी खडे मीठ, यंदा बारीक, माप तेच, म्हणजे चटणी खारट. कांदा-लसूण चटणीचं प्रमाण बहुतेक घरांत किलोभर मिरचीमागे बांधलेलं असतं. मिरची, कांदा, खोबरं तोलून येतं आणि मीठ, तीळ, धणे, खडे मसाले मात्र वाटीने नाहीतर मुठीने पडतात. निम्मं वजनात, निम्मं मापात, असं मिश्रण सगळ्यात घातक. चटणी डंखावर (मसाला कुटायच्या गिरणीत) न्यायच्या आदल्या दिवशी प्रत्येक जिन्नस तोलून कागदावर उतरवा. एका वर्षीची उत्तम झालेली चटणी पुढच्या वर्षी पुन्हा करायची तर तोच कागद लागतो. ब्याडगी आणि संकेश्वरीचं वजन वेगवेगळं लिहा, दोन्ही मिळून नको.

पावसाळ्याचं कारण वेगळं आहे. पीठ हवेतलं पाणी ओढतं. गव्हाच्या पिठातला ओलावा साधारण १० पासून १४ टक्क्यांपर्यंत बदलू शकतो. म्हणजे किलोभर पिठात तीस-चाळीस ग्रॅम पाणी आधीच आलेलं असतं. तोलून घेतलंत तरी ते दिसत नाही, कारण काटा पीठ आणि पाणी दोन्ही मिळूनच दाखवतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कणकेचं किंवा भाजणीचं पाणी आकड्याच्या दहा टक्के कमी घेऊन सुरुवात करा. उरलेलं बाजूला ठेवा आणि गोळा बघून घाला. कृतीच्या कागदावर पाण्यापुढे ‘लागेल तसं’ न लिहिता ‘इतकं ते इतकं’ असं लिहा, म्हणजे नवीन हातालाही मर्यादा कळते.

७. जुनी मापं

जुन्या वहीत शेर, मापटं, चिपटं, तोळा सापडतं. चढण अशी: एक पायली म्हणजे चार शेर, एक शेर म्हणजे दोन मापटी, एक मापटं म्हणजे दोन चिपटी. ही मापी मापं आहेत. भांडं घरात असेल तर तिसऱ्या तपासणीसारखं पाण्याने मोजा. भांडं नसेल तर फक्त प्रमाण धरा, ग्रॅम काढू नका. वजनी शेर मात्र निराळा, तो ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. वहीत ‘शेरभर तूप’ लिहिलंय ते कुठल्या शेराने, हे शेजारच्या ओळी बघून ठरवावं लागतं.

तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफी बोलण्यात तोळा म्हणजे दहा ग्रॅम झालाय, पण १९५६ च्या दशमान कायद्याच्या आधीची मसाल्याची कृती असेल तर जुनाच तोळा धरा. लवंग, दालचिनी, दगडफूल पाच-पाच तोळे असतील तर फरक प्रत्येकी आठ ग्रॅमच्या वर जातो.

८. वजन बरोबर, तरी मोठा घाणा चुकतो

सगळं करूनही बिघडत असेल तर एक चाचणी घ्या. लहान घाणा वाटीने करा आणि तेवढाच दुसरा घाणा वजनाने करा. दोन्ही सारखे झाले तर तुमचं रूपांतर बरोबर आहे, आता आकडे बदलणं थांबवा. चूक दुसरीकडे आहे. मोठ्या कढईत एकदम जास्त चकल्या सोडल्या की तेल थंड पडतं आणि चकली तेल पिते. मोठ्या पातेल्यातला रस्सा लहानापेक्षा प्रमाणात कमी आटतो, कारण मालाच्या मानाने वरचा उघडा पृष्ठभाग कमी असतो. म्हणून तांबड्या रश्श्याचं पाणी दसपट करताना सरळ दहाने गुणू नका. आठपट घेऊन सुरुवात करा. पाच किलो पिठात मोहन हाताने सगळीकडे चोळलं गेलं नाही तर काही चकल्या हसतात, काही कडक होतात. एकाच घाण्यात दोन्ही प्रकार दिसले तर मोहन नीट चोळलं गेलेलं नाही, हे नक्की समजा.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

काटा शिक्क्याच्या वजनाला चुकत असेल आणि त्याच काट्यावर तुम्ही माल विकत असाल तर तो उघडू नका. सील तोडू नका. विक्रीच्या काट्याची दुरुस्ती वैधमापन खात्याचा परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यायची असते आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर वर्षी लागते. ऑनलाइन घेतलेला स्वयंपाकघराचा स्वस्त काटा कृतीसाठी ठीक आहे, विक्रीसाठी चालत नाही.

चटणी, लोणचं किंवा मसाल्याला पुन्हा बुरशी येत असेल तर मिठाचा आकडा अंदाजाने वाढवत बसू नका आणि बुरशीचा भाग काढून उरलेला माल विकू नका. ओलावा आणि मिठाची तपासणी मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत करून घ्या. नमुन्याबरोबर तुमचा वजनाचा कागद द्या.

तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीचं माप कधीही वाटी-चमच्याने किंवा वरच्या यादीवरून बदलू नका. डब्यातला चमचा त्याच पावडरीसाठी असतो, आणि शंका आली तर बालरोगतज्ज्ञांनाच विचारायचं. मधुमेहाच्या किंवा किडनीच्या पथ्यात आहारतज्ज्ञाने ग्रॅममध्ये लिहून दिलेलं प्रमाणही घरच्या वाटीत उतरवायचं असेल तर ती वाटी घेऊन त्यांच्याकडे जा आणि त्यांच्याकडूनच खूण करून घ्या.